आम्हाला नुसती गोळ्यांची खिडकी नको

प्रति,
एचआयव्ही बाह्यरुग्ण सेवेचे नियोजन करणारे अधिकारी आणि तिचा खर्च मंजूर करणारे सर्वजण यांस,

स. न. वि. वि.

नव्या व्यवस्थेत तुम्ही चार गोष्टी ठरवल्या आहेत. तब्येत स्थिर असलेल्या रुग्णांना सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायच्या. मधल्या भेटी बंद करायच्या. समुपदेशकाचे रिकामे झालेले पद भरायचे नाही. आणि जे तारखेला आले नाहीत त्यांना फोन करून विचारण्याचे काम कोणाकडेही ठेवायचे नाही. यातली पहिली गोष्ट मला मान्य आहे, तिला उशीरच झाला. दुसरी अर्धी मान्य आहे. उरलेल्या दोन मुकाट्याने सोसण्यासारख्या नाहीत, म्हणून हे पत्र तुमच्या टेबलावर न ठेवता सगळ्यांसमोर ठेवते आहे.

मी एचआयव्हीसह जगणारी बाई आहे. कितीतरी वर्षे रोज रात्री गोळी घेते. तपासणीत रक्तात विषाणू सापडत नाही, नवऱ्याला संसर्ग नाही, मुलीलाही नाही. नव्याने निदान झालेल्यांशी बोलायला बाह्यरुग्ण विभागात मला अधूनमधून बसवतात, त्यामुळे स्वतःच्या फाइलपलीकडचेही थोडे दिसते. नाव लिहीत नाही. का, ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि पुढे त्याबद्दलही बोलायचे आहे.

आधी चांगले ते सांगते. दर महिन्याला रांगेत उभे राहण्यात कसलेही औषध नाही. मजुरी बुडते, कामावर खोटे कारण सांगावे लागते, ओळखीचे कोणी भेटेल म्हणून जीव धास्तावतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले की, ज्यांचे उपचार नीट चालले आहेत त्यांनी तीन ते सहा महिन्यांनी यावे, तेवढे पुरते. त्यामागचा विचार मात्र पूर्ण वाचायला हवा होता. ज्यांना कमी भेटी चालतात त्यांना कमी, म्हणजे वाचलेला वेळ ज्यांना जास्त भेटी लागतात त्यांच्या वाट्याला येईल, असा तो विचार आहे. तुम्ही त्यातला कपातीचा भाग उचललात आणि वाचलेला वेळ कोणालाच दिला नाहीत.

शिवाय ‘स्थिर’ हा शिक्का कागदावर बसतो, माणसावर नाही. विषाणूभाराचा, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाचा, अहवाल चांगला आला त्या दिवशी बाई स्थिर असते. पुढच्या सहा महिन्यांत तिला दिवस जातात, किंवा नवऱ्याची नोकरी जाते, किंवा तिला क्षयरोग होतो. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन सुरू झाले की शरीरातले डोल्युटेग्रॅविर या एचआयव्हीच्या औषधाचे प्रमाण घटते आणि बारा तासांनी त्याची आणखी एक गोळी घ्यावी लागते. आम्लपित्तावरच्या ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेल्या औषधाने, आणि उपाशीपोटी सोबत घेतलेल्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांनीही, डोल्युटेग्रॅविरचे शोषण कमी होते. हे २०१९ पासून पहिल्या पसंतीचे म्हणून शिफारस झालेले औषध आहे, जगभर लाखो लोक ते घेतात. गरोदर बाईला लोह देणारे दुसऱ्या विभागातले लोक असतात, आणि बहुतेक वेळा तिने त्यांना स्वतःच्या संसर्गाबद्दल सांगितलेले नसते. या दोन गोळ्यांमध्ये अंतर ठेव किंवा दोन्ही जेवणासोबत घे, हे तिला सांगणार कोण? खिडकीतून पाकीट सरकवणारा माणूस सांगणार नाही. त्याचे ते कामच नाही.

आता शरीराचे बोलू. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि हा आजार म्हणजे मृत्यूची शिक्षा राहिला नाही. पण विषाणू पेशींमध्ये दडून बसतो. गोळ्या थांबल्या की बहुतेकांच्या रक्तात तो काही आठवड्यांत परत येतो, आणि माणसाला सुरुवातीला काहीच जाणवत नाही. औषधाला मधूनमधून विश्रांती दिली तर चालेल का, हेही तपासून झाले आहे. ‘स्मार्ट’ नावाच्या चाचणीत ३३ देशांतले ५,४७२ लोक होते. सीडी४ या प्रतिकारशक्तीच्या पेशी चांगल्या असताना औषध थांबवणाऱ्या गटात संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती घटली की होणारे) किंवा मृत्यूचा धोका अडीचपटीहून जास्त निघाला आणि २००६ मध्ये ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. खंड पडल्यावर काय होते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

भेट चुकण्याचेही तसेच. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका बाह्यरुग्ण विभागाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचाराच्या पहिल्या वर्षात ज्यांच्या भेटी चुकल्या, त्यांच्यात पुढच्या काळातला मृत्युदर नियमित येणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होता. चुकलेल्या भेटीनेच माणूस मेला, असे यावरून कोणी म्हणणार नाही. जो येत नाही त्याच्या आयुष्यात आधीच काहीतरी बिघडलेले असते. पण मग चुकलेली भेट ही धोक्याची घंटा झाली, आणि तुम्ही ती ऐकणारेच कोणी ठेवत नाही.

भेटीत काय होते, हे ज्यांनी कधी रांग पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. वजन होते. खोकला, ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे, हे चार प्रश्न विचारले जातात, कारण एचआयव्ही असलेल्यांच्या मृत्यूंमध्ये क्षयरोग आजही सर्वांत वरचे कारण आहे. टेनोफोविर हे एचआयव्हीचे औषध चालू असेल तर मूत्रपिंडांवर नजर ठेवावी लागते. रक्तदाब, साखर पाहतात. बायकांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर बायकांच्या सुमारे सहापट असतो, म्हणून ती तपासणी पंचविशीपासूनच सुरू करायची असते. ती किती ठिकाणी खरोखर होते, हा वेगळा रडगाण्याचा विषय. वर्षातून एकदा विषाणूभार. तो मिलिलिटरमागे १,००० च्या वर आला तर सर्वसाधारण क्रम असा: आधी समुपदेशन, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि मग औषध बदलायचे की नाही याचा निर्णय. समुपदेशक नसला तर या क्रमातली पहिली पायरीच नाहीशी होते. मग डॉक्टरांपुढे दोनच वाटा उरतात. एक, रुग्णाला ‘गोळ्या नीट घ्या’ म्हणून परत पाठवणे. दुसरी, औषध उगाच बदलणे. दुसऱ्या फळीच्या औषधांवर साधारणपणे खर्च जास्त होतो, गोळ्या जास्त घ्याव्या लागतात, आणि पुढच्या पर्यायांमधला एक हातचा जातो. पगार वाचवल्याचा हिशेब मांडताना हा आकडा तुम्ही कुठल्या रकान्यात धरलात?

पण माझी खरी तक्रार शरीराबद्दल नाही, वागण्याबद्दल आहे. तुमच्याकडच्या बैठकांत ‘रुग्णांचे वर्तन’ हा शब्दप्रयोग फार होतो. रुग्ण बेफिकीर असतात, औषधाने बरे वाटू लागले की सैल सुटतात, असे बोलले जाते. हे खरे नाही. औषधोपचारांमुळे लैंगिक बेफिकिरी वाढते का, याचा अनेक अभ्यास एकत्र करून घेतलेला आढावा २००४ मध्ये आला. उपचार घेणाऱ्यांत अशी वाढ दिसली नाही. २००५ मधल्या अमेरिकेतल्या अशाच एका आढाव्यात, स्वतःला संसर्ग आहे हे माहीत असलेल्यांमध्ये कंडोमविना संबंधांचे प्रमाण, माहीत नसलेल्यांच्या तुलनेत ५३ टक्क्यांनी कमी आढळले. कळल्यावर माणूस जपून वागतो. दुसऱ्याला आपल्यामुळे काही होऊ नये, ही इच्छा आमच्यातही तुमच्याइतकीच असते, हे आकड्यांनी सिद्ध करावे लागते याचे थोडे वाईट वाटते.

नियमित येणाऱ्या माणसाचे वागणे कसे बदलते, ते मी जवळून पाहते. पहिल्या भेटीत तो जमिनीकडे बघत बसतो. किती वर्षे उरली, एवढेच विचारतो. काही भेटींनंतर लग्नाबद्दल विचारतो, मुलांबद्दल विचारतो. मग एक दिवस बायकोला तपासणीला घेऊन येतो. हे ‘जोडीदाराला सांगा, ते तुमचे कर्तव्य आहे’ असे फलकावर लिहून होत नाही. कसे सांगायचे, कोणत्या शब्दांत, घरात की इथे आमच्यासमोर, सांगितल्यावर मारहाण झाली तर काय, हे कोणासोबत तरी बसून आधी बोलावे लागते. त्याला वेळ लागतो आणि तेच माणूस पुन्हा भेटावे लागते. दर वेळी नवा चेहरा असेल तर दर वेळी गोष्ट पहिल्यापासून.

दारूचे उदाहरण घ्या. पुष्कळांना कोणीतरी सांगितलेले असते की दारू आणि ही गोळी एकत्र चालत नाही. मग ते काय करतात? दारू सोडत नाहीत, त्या रात्रीची गोळी सोडतात. शनिवार-रविवार पिणाऱ्याच्या आठवड्यातल्या दोन गोळ्या अशा जातात, आणि त्याला वाटते आपण काळजी घेतली! डॉक्टरांनी ‘गोळ्या घेता का?’ विचारले तर तो ‘हो’ म्हणतो, आणि ते त्याच्या मते खोटे नसते. हे बाहेर पडायला निवांत विचारणारे कोणीतरी लागते. आमच्याकडच्या समुपदेशक ताई ते काढून घेत आणि सांगत, प्यायलास तरी गोळी घ्यायचीच, दारूचे आपण वेगळे बोलू. एवढ्या एका वाक्याने लोक मार्गी लागलेले मी पाहिले आहेत. त्यांच्याच रिकाम्या जागेबद्दल मी लिहिते आहे.

असेच रात्रपाळी करणाऱ्याचे, गोळ्या दुसऱ्याच औषधाच्या डबीत लपवणाऱ्या सुनेचे, वजन वाढले म्हणून गुपचूप औषध बंद केलेल्या मुलीचे. कोणाचाही प्रश्न वैद्यकीयदृष्ट्या अवघड नसतो. तो सांगितला जातो की नाही, एवढेच.

आणि तो का सांगितला जात नाही, यात तुमचाही वाटा आहे. तारीख चुकवून आलेल्या माणसाला रांगेतल्या सगळ्यांसमोर ‘मागच्या वेळी कुठे होतास? तुम्हाला फुकट मिळते म्हणून किंमत नाही’ असे मोठ्या आवाजात विचारले गेलेले मी ऐकले आहे. असे ऐकून घेतलेला माणूस दोन गोष्टी शिकतो. पुढच्या वेळी उशीर झाला तर जायचेच नाही. आणि गेलोच, तर एकही गोळी चुकली नाही असे ठोकून द्यायचे. पुढे विषाणूभार वाढतो आणि डॉक्टरांना वाटते की विषाणू औषधाला जुमानेनासा झाला. आमच्या वर्तनाची चर्चा जरूर करा, पण रांगेत जे वर्तन आमच्याशी होते त्याच्यापासून ती सुरू करा.

आता तुमच्या निर्णयाचा बाहेरच्या लोकांशी काय संबंध, ते. ज्याच्या रक्तातला विषाणू औषधाने दबलेला आहे, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून संसर्ग जात नाही. ही दिलाशाची भाषा नाही. २०११ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती, प्रत्येकात एकाला संसर्ग; लवकर उपचार सुरू केलेल्या गटात जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटला. २०१९ मध्ये युरोपातल्या अभ्यासात सुमारे ७८० पुरुष जोडप्यांमध्ये कंडोमविना आलेल्या सुमारे ७६,००० संबंधांतून, उपचार घेणाऱ्या जोडीदाराकडून झालेला एकही संसर्ग सापडला नाही. (इतर गुप्तरोग आणि नको असलेली गर्भधारणा टाळण्यासाठी कंडोम लागतोच, आणि स्तनपानाला हा नियम जसाच्या तसा लागू नाही. अर्धवट ऐकून कोणी अर्धवट वागू नये म्हणून लिहिले.)

याच्या उलट बाजूचा आकडाही आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१६ मधल्या नव्या संसर्गांचा अंदाज २०१९ मध्ये मांडला. सुमारे ३८ टक्के संसर्ग स्वतःला एचआयव्ही आहे हे माहीत नसलेल्यांकडून झाले होते. त्याहून जास्त, सुमारे ४३ टक्के, अशा लोकांकडून झाले होते ज्यांना संसर्ग माहीत होता, पण जे वैद्यकीय देखरेखीखाली नव्हते. विषाणू दबलेल्यांचा वाटा शून्य. म्हणजे ज्यांना तुम्ही एकदा शोधून काढले आणि नंतर हातातून निसटू दिले, त्यांचा प्रश्न न शोधलेल्यांपेक्षा मोठा निघाला. देश वेगळा, आकडे वेगळे असतील. पण निसटलेल्याला परत आणण्याचे काम रद्द करताना निदान हा अंदाज कोणीतरी समोर ठेवायला हवा होता.

हे सगळे बाह्यरुग्ण विभागात वर्षानुवर्षे येणाऱ्यांनाही पुष्कळदा कोणी सांगितलेले नसते. विषाणूभार न सापडण्याइतका खाली असूनही नवऱ्याजवळ जायला घाबरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. अहवाल फाइलला लागतो, पण त्याचा अर्थ कोणी उलगडून सांगत नाही. ज्या दिवशी सांगितला जातो त्या दिवसापासून गोळी ही शिक्षा राहत नाही, आणि माणूस ती वेळेवर घेतो. जबरदस्तीने हे होत नाही.

भेट चुकल्यावर किती दिवसांनी जागे व्हायचे, हाही मुद्दा आहे. अनेक कार्यक्रमांत तारीख उलटून २८ दिवस झाले की ‘उपचारातून बाहेर’ अशी नोंद होते. नोंद म्हणून ठीक आहे. पण शिल्लक गोळ्या नसतील तर तोवर विषाणू परतलेला असू शकतो. फोन पहिल्या आठवड्यात जायला हवा, तोही दमात घेण्यासाठी नव्हे. ‘आजारी आहात का, गोळ्या आहेत का, कधी जमेल’ इतकेच. आणि फोन दुसऱ्याने उचलला तर कुठून बोलतोय ते सांगायचे नाही.

तेच नाव न लिहिण्याचे कारण. आमच्या खिडकीवर आजाराचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. ज्याला पाटी वाचता येते त्याला खिडकीसमोरच्या प्रत्येकाची बातमी कळते. फाइलचा रंग वेगळा. आतल्या खोलीला दार आहे, पण ते उघडेच असते, कारण आत पंखा नाही. लोक भेट का टाळतात, यावर अहवाल मागवण्याआधी एकदा त्या रांगेत उभे राहा.

बालरुग्ण विभागातून मोठ्यांच्या विभागात येणाऱ्या मुलामुलींचे तर कुणीच पाहत नाही. ओळखीची परिचारिका सुटते, नव्या ठिकाणी कोणी ओळखत नाही, आणि नेमक्या त्याच वयात औषधाचा कंटाळा येतो. गळती इथे होते. यावर तुमच्या निर्णयात एक ओळही नाही.

पैसे नाहीत, हे उत्तर येईल. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखल्यापासून अनेक देशांतले एचआयव्हीचे काम हलले, हे आम्हीही वाचतो. ओढाताण खरी आहे. पण कात्री कुठे लावायची, हा निर्णय शेवटी कोणीतरी घेतो, आणि तो दर वेळी बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या माणसांवरच पडतो, कारण यंत्र नसले तर लगेच दिसते, समुपदेशक नसला तर वर्षभराने.

तेव्हा मागण्या अशा:

१. सहा महिन्यांच्या गोळ्या द्या, पण रुग्णाला विचारून. ज्याला लवकर यावेसे वाटते त्याला यायची मुभा असावी, आणि मधल्या काळात काही बिघडले तर तारखेची वाट न पाहता दाखवता यावे.

२. समुपदेशकाचे पद भरा. तात्पुरते नको, दर काही महिन्यांनी बदलणारे नको.

३. तारीख चुकल्यापासून एका आठवड्यात फोन करण्याची जबाबदारी एका नावानिशी ठरलेल्या व्यक्तीकडे द्या. या कामात आम्हा रुग्णांमधल्या लोकांना घ्या. आम्हाला ते जमते. मात्र मानधन द्या, ‘सेवाभाव’ म्हणून गोड बोलून राबवू नका.

४. आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी विभाग उघडा ठेवा. रोजंदारीवरच्या माणसाला सकाळची वेळ परवडत नाही.

५. पाटी बदला, फाइलचा रंग इतरांसारखा करा, खोलीत पंखा बसवा आणि दार लावा. याला फारसा खर्च नाही, म्हणून याची सुरुवात उद्यापासून व्हावी.

६. विषाणूभाराचा अहवाल प्रत्येकाला त्याच्या भाषेत, अर्थासकट, समोर बसवून सांगितला जावा.

७. उशिरा आलेल्यावर ओरडायचे नाही, अशी लेखी सूचना काढा.

निर्णय लागू होण्याआधी या सात मुद्द्यांवर तुमचे लेखी उत्तर हवे आहे. जे मान्य नाही ते का मान्य नाही, तेही लिहा. माझा पत्ता दिलेला नाही, तेव्हा उत्तर विभागाच्या सूचनाफलकावर लावा. तिथे आम्ही सगळेच वाचू.

आपली,
बाह्यरुग्ण विभागात नियमित येणारी एक रुग्ण